निजलेले मूल : मराठी विलापिका आणि एक अनोळखी ताप

उदगीर तालुक्यातल्या एका वडिलांनी काही वर्षांपूर्वी मला आपल्या मुलाच्या शेवटच्या दिवसाची हकीकत सांगितली. सकाळी ताप भरला, दुपारी दोन उलट्या झाल्या, दिवेलागणीला पोर गाढ झोपले. ‘झोपलंय म्हणून जिवाला बरं वाटलं बघा सर,’ ते म्हणाले. रात्री झटके आले आणि पहाटे सगळे संपले. कागदावर ‘ताप व झटके’ एवढेच लिहून मिळाले. कोणत्या रोगाने मूल गेले, हे त्यांना आजही ठाऊक नाही. मी पडलो साहित्याचा शिक्षक. त्यांना सांगण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते. पण ते झोपेचे वाक्य मनातून जाईना. ते मनात ठेवून मी मराठीतले अपत्यशोकाचे लेखन पुन्हा वाचायला घेतले. प्रस्तुत लेख त्या वाचनातून आला आहे.

या वाचनाची सुरुवात गोविंदाग्रजांच्या ‘राजहंस माझा निजला’ या कवितेपासूनच करावी लागते. मांडीवरचे मूल गेले आहे, भोवतीच्या माणसांना ते कळले आहे. आई मात्र ते मानायला तयार नाही. ती त्यांनाच गप्प करते, कारण तिच्या लेखी बाळाची झोपमोड होईल. आईला जे नको आहे ते वाचकाला आधीच कळलेले असते, आणि या अंतरातच कवितेचे सारे बळ आहे. ‘निजणे’ हा इथे मरणाला दिलेला नकार आहे. आपल्या समीक्षेने या कवितेतला करुण रस पुष्कळ वाखाणला. मूल कशाने गेले, हा प्रश्न मात्र कविता विचारत नाही आणि आपणही विचारला नाही. रेव्हरंड टिळकांच्या ‘बापाचे अश्रू’मुळे बापालाही उघड रडण्याची जागा मिळाली. तरी एकूण परंपरेचा ओढा ‘का नेले?’ या प्रश्नाकडेच राहिला. ‘कशाने गेले?’ हा प्रश्न वैद्याचा, कवीचा नव्हे, असे आपण जणू ठरवूनच टाकले.

आपल्या बोलीने मात्र हा प्रश्न असा सोडला नव्हता. देवी, गोवर, कांजिण्या, घटसर्प, डांग्या खोकला, पटकी : मुले नेणाऱ्या रोगांना घरोघरी नावे होती. अंगावर देवी ‘येत’, पटकीच्या साथीत मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेला जाई. लस आली तेव्हा तीही ‘देवी टोचणे’ झाली. नाव असले की नवस बोलता येतो, पथ्य पाळता येते, आणि मूल गेलेच तर कोणाशी भांडायचे हेही ठाऊक असते. 1975 नंतर देशातून देवीचा रोग गेला, शब्द उरला. ज्या तापाला नावच नाही त्याच्यासाठी आईबापाकडे एकच वाक्य उरते : सटवाईने लिहिले होते तेवढेच.

अशाच एका तापाला नाव मिळाले ते आपल्याच राज्यात. 1965 साली नागपूरकडच्या चांदीपुरा येथील तापाच्या रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राला एक नवा विषाणू सापडला. त्याला गावाचेच नाव दिले गेले. तो रेबीजच्या विषाणूच्या कुळातला. तो पसरवते डासाहून लहान असलेली वाळूमाशी, जी मातीच्या भिंतींच्या भेगांत आणि गोठ्याच्या ओलाव्यात राहते. बरीच वर्षे तो कोणाच्या फारसा ध्यानात राहिला नाही. 2003 च्या पावसाळ्यात तेव्हाच्या आंध्र प्रदेशात 329 मुले मेंदूज्वराने आजारी पडली आणि त्यांतली 183 दगावली, तेव्हा तपासणीत याच विषाणूचे नाव पुढे आले. महाराष्ट्रातही त्या वर्षी त्याचे रुग्ण सापडले. 2024 मध्ये गुजरातेत तो पुन्हा उठला. ताप, उलट्या, झटके, गुंगी, आणि अनेकदा 24 ते 48 तासांत शेवट. त्यावर लस नाही, खास औषध नाही.

त्या वडिलांचे मूल याच विषाणूने गेले, असे मी म्हणत नाही. तपासणीच झाली नाही, तेव्हा तसे म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही. मला दाखवायचे आहे ते वेगळे. मेंदूज्वरात झोप ही मरणाची उपमा नसते, ते रोगाचे लक्षण असते. आपल्या विलापिकेत झोप मरणानंतर येते. इथे ती मरणाच्या आधी येते, आणि घरच्यांना ती विश्रांती वाटते.

रोआल्ड डाल या इंग्रजी बाललेखकाची सात वर्षांची मुलगी ऑलिव्हिया 1962 साली गोवरानंतरच्या मेंदूज्वराने गेली. 1986 मध्ये त्याने तिच्यावर एक छोटे पत्रवजा टिपण लिहिले. त्यात विलाप जवळजवळ नाहीच. मुलगी बरी होत आहे असे वाटत होते. खेळता खेळता तिची बोटे नीट चालेनाशी झाली, तिने झोप येते म्हणून सांगितले, तासाभरात शुद्ध हरपली आणि बारा तासांत ती गेली. हे सांगून तो इतर आईबापांना मुलांना गोवराची लस टोचून घ्यायला सांगतो. तिच्या वेळी ती लस तिथे मिळत नव्हती. गोविंदाग्रजांची आई आणि डाल दोघेही मुलाच्या झोपेबद्दलच बोलतात. आईला ती झोप मोडू द्यायची नाही. बापाला चोवीस वर्षांनंतर ती झोप काय होती ते सर्वांना कळवायचे आहे.

कविता म्हणजे आरोग्य खात्याचे पत्रक नव्हे, हा आक्षेप मला मान्य आहे. ‘राजहंस’मध्ये रोगाचे नाव घातले असते तर ती कविता मोडली असती. काम्यूच्या ‘प्लेग’मध्ये न्यायाधीशाच्या मुलाचा मृत्यू तासातासाने सांगितला आहे, पण ती कादंबरी आहे, आणि त्या वेळी मुलाचा बाप विलगीकरणाच्या छावणीत असतो. माझी तक्रार कवितेविषयी नाही. अपत्यशोक म्हटला की आपण कवितेकडे वळतो आणि आईबापांच्या साध्या हकिगतीला साहित्यात धरत नाही, ही माझी तक्रार आहे. किल्लारीच्या भूकंपाला 30 सप्टेंबर 1993 ही तारीख आहे. त्या दुःखावर आमच्या भागात लिहिले गेले, बोलले गेले. तापाने एकेका वस्तीवर एकेक मूल जाते, त्याला तारीख नसते. 2022 साली 95 वे साहित्य संमेलन आमच्या उदगीरला भरले, तेव्हा मराठवाड्याच्या दुःखावर बोलणे झाले ते बहुधा दुष्काळाच्या आणि शेतकरी आत्महत्यांच्या अंगाने. हे दुःख त्या यादीत नव्हते.

या लेखाचा कच्चा खर्डा मी त्या वडिलांना वाचून दाखवला. झोपेच्या परिच्छेदापाशी त्यांनी मला थांबवले. ‘म्हणजे मी त्याला उठवायला पाहिजे होतं का?’ मला तेव्हा कळले की माझ्या युक्तिवादात एक धोका आहे. रोगाचे नाव जसे आधार देते तसा त्याचा आरोपही होऊ शकतो, आणि तो आरोप आधीच खचलेल्या माणसावर पडतो. मी त्यांना जेवढे ठाऊक होते तेवढे सांगितले : अशा मुलाला ताबडतोब दवाखान्यात न्यावे, पण नेल्यावरही पुष्कळ मुले वाचत नाहीत. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘लिहा तर मग. झोपलं होतं, तेबी लिहा. दुसऱ्या कुणाला तरी कळंल.’

डालने जे सांगायला चोवीस वर्षे घेतली ते या माणसाने ओसरीवर बसून सांगितले. सकाळ, दुपार, दिवेलागण, पहाट : त्यांच्या हकिगतीची घडण मी जशीच्या तशी ठेवली आहे. मराठी विलापिकेच्या अभ्यासात तिला जागा असावी, एवढेच माझे म्हणणे.