पुनर्रचनेचा इतिहास आणि मुक्तजनांचे हक्क : ड्यू बॉइस यांच्या ‘ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन’चे चिकित्सक परीक्षण

प्रास्ताविक :
अमेरिकेतील यादवी युद्ध (१८६१-६५) संपले तेव्हा सुमारे ४० लाख गुलाम मुक्त झाले होते. दुभंगलेले राष्ट्र पुन्हा सांधणे आणि या मुक्तजनांना नागरिक म्हणून उभे करणे अशी दोन कामे एकाच वेळी पुढे आली. १८७७ पर्यंतचा हा कालखंड ‘पुनर्रचना’ या नावाने ओळखला जातो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याचा प्रमाण मानला गेलेला इतिहास कोलंबिया विद्यापीठातील विल्यम डनिंग व त्यांच्या शिष्यांनी लिहिला. कृष्णवर्णीय राज्यकारभारास अपात्र होते, त्यांना मताधिकार दिल्यामुळेच दक्षिणेत भ्रष्टाचार व गोंधळ माजला, असे त्याचे सूत्र होते. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी १९३५ मध्ये ‘ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन इन अमेरिका’ या ग्रंथाद्वारे त्याला सविस्तर उत्तर दिले. प्रस्तुत लेखात या ग्रंथाचे महत्त्व व मर्यादा तपासल्या आहेत.

ग्रंथाची भूमिका :
ड्यू बॉइस यांनी मूळ प्रश्नच बदलला. ‘मुक्तजन हक्कांना पात्र होते काय?’ असे न विचारता ‘त्यांना काय दिले गेले आणि काय परत घेतले गेले?’ असे ते विचारतात. कृष्णवर्णीय हा इतर कोणत्याही माणसासारखाच माणूस आहे, हे गृहीत धरूनच आपण लिहीत आहोत, असे ते आरंभीच स्पष्ट करतात. ज्याला हे मान्य नाही त्याच्याशी वाद घालण्याची त्यांची तयारी नाही.

या दृष्टीने पाहिल्यास मुक्ती हे केवळ वरून मिळालेले दान ठरत नाही. युद्धकाळात गुलामांनी मळे सोडून उत्तरेच्या सैन्याचा आश्रय घेतला. त्यामुळे दक्षिणेचे श्रमबळ घटले व उत्तरेचे वाढले. सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय उत्तरेच्या लष्करात दाखल झाले. पुढे दक्षिणेत सार्वजनिक खर्चाने चालणाऱ्या शाळांचा पाया घालण्यात मुक्तजनांचा व त्यांच्या प्रतिनिधींचा मोठा वाटा होता, हे दाखवणारे प्रकरण ग्रंथातील सर्वांत भरीव प्रकरणांपैकी एक होय.

कायदा, जमीन आणि संरक्षण :
तेराव्या (१८६५), चौदाव्या (१८६८) व पंधराव्या (१८७०) घटनादुरुस्तीने अनुक्रमे गुलामगिरी रद्द झाली, नागरिकत्व व कायद्याचे समान संरक्षण मिळाले आणि मताधिकारात वंशभेद करण्यास मनाई झाली. मात्र हे हक्क टिकवण्यासाठी लागणारा आर्थिक आधार मिळाला नाही. जानेवारी १८६५ मध्ये जनरल शर्मन यांनी किनारपट्टीवरील जमीन ४० एकरांपर्यंतच्या तुकड्यांनी मुक्तजनांना देण्याचा आदेश काढला. त्याच वर्षी अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी बंडखोर मळेवाल्यांना माफी देऊन त्यातील बहुतांश जमीन त्यांना परत केली. पुढे असंख्य मुक्त कुटुंबे बटाईच्या शेतीत व सावकारी कर्जात अडकली.

दुसरी उणीव संरक्षणाची होती. एप्रिल १८७३ मध्ये लुईझियानातील कोलफॅक्स येथे सशस्त्र गोऱ्यांनी कृष्णवर्णीयांची कत्तल केली. शरण आलेल्यांनाही त्यांनी सोडले नाही. या प्रकरणातील दोषसिद्धी सर्वोच्च न्यायालयाने १८७६ मध्ये रद्दबातल ठरवली. चौदावी दुरुस्ती राज्यसंस्थेला बांधते, खाजगी व्यक्तींना नव्हे, असा न्यायालयाचा एक प्रमुख आधार होता. १८७७ मध्ये संघराज्याचे लष्करी पाठबळही काढून घेण्यात आले. हा घटनाक्रम पाहता पुनर्रचनेचे अपयश मुक्तजनांच्या अपात्रतेत शोधणे निराधार ठरते.

मर्यादा :
ग्रंथातील काही मार्क्सवादी संज्ञा मात्र ताणलेल्या वाटतात. गुलामांच्या पलायनाला ‘सार्वत्रिक संप’ म्हटल्याने त्यातील कर्तृत्व दिसते; परंतु संपाला लागणारी संघटना व सामाईक मागणी तेथे कितपत होती, हा प्रश्न उरतो. दक्षिण कॅरोलिनातील शासनाला श्रमिकांचे राज्य म्हणणेही अडचणीचे आहे, कारण त्या शासनाने खाजगी मालकी मोडली नाही. स्त्रियांच्या श्रमाला ग्रंथात अल्प स्थान आहे. अप्रकाशित दप्तरांपेक्षा छापील अहवालांवर व इतर अभ्यासकांच्या ग्रंथांवर लेखकाची भिस्त अधिक आहे. अर्थात, वंशभेदाच्या त्या काळात दक्षिणेतील दप्तरखाने कृष्णवर्णीय अभ्यासकाला सहज खुले नव्हते, हेही लक्षात घ्यावे लागते. तरीही ग्रंथाचा गाभा टिकला. एरिक फोनर यांच्या १९८८ मधील पुनर्रचनाविषयक ग्रंथाने मुक्तजनांना इतिहासाच्या केंद्रस्थानी ठेवणारी हीच दिशा पुढे नेली.

महाराष्ट्राच्या संदर्भात :
या इतिहासाशी महाराष्ट्राचे नाते जुने आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला, तो १८७३ मध्येच. ही कृतज्ञता रास्त होती. पण कायद्याने मिळालेली मुक्ती आणि जगण्यातील मुक्ती यांमधील दरी त्याच वर्षी कोलफॅक्सने उघड केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, तेव्हा डनिंगही तेथेच अध्यापन करीत होते. १९४६ मध्ये आंबेडकरांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या निवेदनाविषयी विचारणा केली. राजकारणात समता आणि सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता या विसंगतीचा इशारा त्यांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला. तो इशारा आणि ड्यू बॉइस यांचा निष्कर्ष परस्परांच्या अगदी जवळचे आहेत.

समारोप :
दुभंगलेल्या राष्ट्राची एकी दोन मार्गांनी साधता येते : पीडितांना हक्क देऊन किंवा त्यांच्या हक्कांचा बळी देऊन कालच्या शत्रूंशी समेट करून. अमेरिकेने पहिल्या मार्गाने आरंभ केला आणि १८७७ मध्ये दुसरा मार्ग पत्करला. पंधराव्या दुरुस्तीतील मताधिकार दक्षिणेत प्रत्यक्षात येण्यासाठी १९६५ चा मताधिकार कायदा व्हावा लागला. मधल्या काळात हक्क नाकारण्याचे समर्थन करण्यासाठी डनिंगप्रणीत इतिहासाचा आधार घेतला गेला. इतिहासलेखन हेदेखील हक्क हिरावण्याचे साधन होऊ शकते, हे ड्यू बॉइस यांच्या अखेरच्या प्रकरणाचे सूत्र आहे आणि त्यातच या ग्रंथाचे चिरस्थायी मोल आहे.