सेनापतींची स्मृती आणि दिल्लीची स्मारके

प्रास्ताविक

युद्धस्मारक पाहताना आपण सहसा ‘हे कोणाचे स्मारक?’ एवढेच विचारतो. समीक्षेसाठी दुसरा प्रश्न अधिक उपयोगी आहे: येथे नाव येण्याची अट कोणती? विजय, बलिदान की पद? दिल्लीत तिन्ही अटींची उदाहरणे सापडतात, आणि अट बदलली की सेनापतीचे स्थानही बदलते.

1. विजय

1857 मध्ये इंग्रजांनी दिल्ली परत घेतली, त्या लढाईत ब्रिगेडियर जनरल जॉन निकोल्सन जखमी होऊन मरण पावला. इंग्रज राजवटीत काश्मिरी दरवाजाजवळ त्याचा पुतळा उभा राहिला. स्वातंत्र्यानंतर तो हटवण्यात आला आणि पुढे उत्तर आयर्लंडमध्ये गेला. रिजवरील 1863 च्या विजयस्मारकाबाबत मात्र वेगळा मार्ग निवडला गेला. स्मारक जागेवरच ठेवून 1972 मध्ये त्याला ‘अजितगढ’ हे नाव दिले गेले. मूळ लेखात ज्यांना ‘शत्रू’ म्हटले आहे ते परकीय सत्तेविरुद्ध लढणारे होते, असे सांगणारा फलकही तेथे लावला गेला. हा दुसरा मार्ग अधिक शिकवणारा आहे. पुतळा गेला की वादही नजरेआड होतो; फलक जोडला की दोन्ही बाजू एकाच जागी वाचता येतात.

2. बलिदान

25 फेब्रुवारी 2019 रोजी इंडिया गेटजवळ राष्ट्रीय समर स्मारकाचे उद्घाटन झाले. त्याच्या त्याग चक्रात स्वातंत्र्योत्तर काळात कामी आलेल्या 25 हजारांहून अधिक सैनिकांची नावे सारख्या आकाराच्या ग्रॅनाइट फलकांवर कोरली आहेत. शेजारच्या परम योद्धा स्थळावर परमवीर चक्राच्या 21 मानकऱ्यांचे अर्धपुतळे आहेत. पदक मिळाले तेव्हा त्यांपैकी सर्वांत वरचा हुद्दा लेफ्टनंट कर्नल आर्देशीर तारापोर यांचा होता. म्हणजे या रांगेत जनरल एकही नाही. लोकशाही राष्ट्राला शोभणारी ही रचना आहे: येथे मान हुद्द्याला नाही, शौर्याला आणि बलिदानाला आहे.

3. पद

मग सेनापती कोठे भेटतात? मुख्यतः नावांत. दिल्ली छावणीत करिअप्पा संचलन मैदान आहे, माणेकशा केंद्र आहे. पण मैदानाचे नाव आदर व्यक्त करते, कार्य समजावून सांगत नाही. तीन मूर्ती भवन याहून बोलके आहे. ब्रिटिश सरसेनापतींसाठी बांधलेल्या या वास्तूत स्वातंत्र्यानंतर पंतप्रधान नेहरू राहायला आले, आणि आज त्याच आवारात पंतप्रधान संग्रहालय आहे. सैन्य लोकनियुक्त सरकारच्या अधीन असते, हे तत्त्व एका घराच्या इतिहासातून समजते.

4. निसटलेली बाजू

सेनापतीचे खरे काम निर्णय घेणे हे असते. 1971 च्या युद्धातील निर्णयांची चर्चा होते, कारण तेथे विजय मिळाला. 1962 चे काय? समर स्मारकाच्या वीरता चक्रातील कांस्यशिल्पांत रेझांग लाची लढाई आहे. तेथे मेजर शैतान सिंह यांच्या तुकडीतील शंभराहून अधिक जवान धारातीर्थी पडले. त्यांचे शौर्य निर्विवाद आहे. पण अशा परिस्थितीत त्यांना लढावे लागले, ते कोणाच्या निर्णयांमुळे? त्या युद्धातील लष्करी अपयशाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रुक्स–भगत अहवाल सरकारने अद्याप अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही. बलिदान हीच नोंदीची अट असेल, तर आदेश पाळणारा दगडावर कोरला जातो आणि आदेश देणारा जबाबदारीसह चित्राबाहेर राहतो.

समारोप

यावर उपाय म्हणून सेनापतींचे आणखी पुतळे उभारण्याची गरज नाही. शोक करणे हे स्मारकाचे काम आहे आणि ते त्याने नीट केले आहे. निर्णय, पर्याय आणि चुका नकाशे व कागदपत्रांसह मांडणे हे संग्रहालयाचे काम आहे. अजितगढच्या फलकाने इंग्रजांच्या लेखाला उत्तर दिले. तोच प्रांजळपणा आपल्या स्वतःच्या युद्धांबाबत दाखवला, तरच दगडावरील नावांना पूर्ण न्याय मिळेल.

विचारासाठी प्रश्न: आपल्या शहरातील एखादे युद्धस्मारक निवडा. तेथे नाव येण्याची अट कोणती आहे, आणि त्या अटीमुळे कोण बाहेर राहिले आहे?