‘गाव’ हा कर्ता कोण?

‘गावाने ठरवले’ हे वाक्य आपल्या ग्रामीण साहित्यात इतक्या सहजपणे येते की वाचक तेथे थांबत नाही. गावाने शाळा बांधायचे ठरवले, गावाने जत्रा भरवायची ठरवले, गावाने एकाला वाळीत टाकायचे ठरवले. व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य निर्दोष आहे. ‘गाव’ हा कर्ता आहे आणि क्रियापदही जागेवर आहे. पण या कर्त्याच्या पोटात कोण कोण आहे आणि कोण नाही, हा प्रश्न समीक्षेने क्वचितच विचारला. हेच वाक्य ग्रामपंचायतीच्या प्रोसिडिंग बुकात ‘सर्वानुमते मंजूर’ असा सरकारी पोशाख घालून येते. एका ठिकाणी ललित लेखक ते लिहितो, दुसऱ्या ठिकाणी ग्रामसेवक लिहितो. भाबडेपणा दोघांचा सारखाच. किंवा लबाडी म्हणा.

सातारा आणि सांगली ही भूमी या प्रश्नासाठी मुद्दाम निवडावी अशी आहे. 1949 पर्यंत हा एकच सातारा जिल्हा होता, आणि लोकांनी आपला कारभार आपण करायचा, या कल्पनेचे मोठे प्रयोग याच मातीत झाले. औंध संस्थानात जानेवारी 1939 मध्ये ‘स्वराज्य घटना’ लागू झाली. राजे भवानराव पंतप्रतिनिधी, त्यांचे पुत्र आप्पासाहेब पंत, पोलंडहून आलेले मॉरिस फ्रीडमन आणि सल्ला देणारे गांधीजी अशी ती जुळणी. गावाने पंचायत निवडायची, पंचायतींच्या प्रमुखांनी तालुक्याचा कारभार पाहायचा आणि त्यातून वर विधिमंडळ उभे करायचे. हा मान राजाने आपण होऊन दिला, याचे कौतुक आजही होते. व्हावेच. पण राजा पंचायत देऊ शकतो, पंचायतीत बसायची जागा देऊ शकत नाही. ती गावाच्या हातात असते.

याच औंध संस्थानाच्या मुलखातून दोन पुस्तके आली. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ 1955 ची, आणि शंकरराव खरातांचे आत्मकथन ‘तराळ-अंतराळ’ 1981 चे. माडगूळ आणि आटपाडी यांच्यात अंतर ते किती? एकच माणदेश, एकच दुष्काळ, एकच राजा. ‘बनगरवाडी’तला तरुण मास्तर तालमीची कल्पना मांडतो, कारभारी मान डोलावतो, धनगरांची वाडी श्रमदानाला लागते आणि खुद्द राजा तालमीच्या उद्घाटनाला येतो. मराठी कादंबरीत सामुदायिक निर्णयाचे इतके निर्मळ चित्र दुसरे नसेल. मी ही कादंबरी थोर मानतो. माडगूळकरांची नजर धनगरांवर ठरली, पांढरपेशांवर नाही, हे त्यांचे मोठेपण आहे. पण वाडीचे मन जाणून घ्यायला मास्तर कारभाऱ्यापुढे बसतो, आणि कारभारी बोलला की वाडी बोलली असे कादंबरीही धरून चालते, हे कसे विसरायचे?

आता ‘तराळ-अंतराळ’ उघडा. त्यात लेखकाचे वडील तराळकीची पाळी करतात. विहिरीत प्रेत पडले आहे. ते काढायला आत उतरायचे कोणी, याची चर्चा होत नाही, मत घेतले जात नाही. तराळ आहे, म्हणजे तोच उतरणार. हवालदार दरडावतो आणि पोरगा काठावरून बापाचा जीव टांगणीला लागलेला पाहतो. हाही निर्णयच आहे. फरक एवढाच की तो पिढ्यान्‌पिढ्या आधीच झालेला आहे. गावकीची खरी घटना ही. ती कुठे लिहिलेली नसते, म्हणून तिच्यात दुरुस्तीही सुचवता येत नाही. निरोप पोचवणाऱ्याला निर्णयात जागा नसते. आपल्या समीक्षेने ‘बनगरवाडी’ला प्रादेशिकतेचा मानदंड केले आणि ‘तराळ-अंतराळ’ला ‘दलित आत्मकथन’ म्हणून वेगळ्या वाड्यात नेऊन बसवले. साहित्याचे गावही गावासारखेच वसवले गेले! ही दोन पुस्तके शेजारी ठेवून शिकवावीत, एवढीच आमची शिक्षकांकडे मागणी आहे.

वाटेगावचे अण्णा भाऊ साठे यांनी तर हा पेच ‘फकिरा’च्या (1959) आरंभीच मांडला. जोगणी आपल्या गावी यावी, जत्रा आपल्या गावी भरावी म्हणून राणोजी मांग प्राण देतो. गावाची इभ्रत वाढते. जत्रा गावाची, मुंडके मांगाचे. अण्णा भाऊंनी या त्यागाला वीररसाचे रूप दिले आणि गावातल्या चांगल्या माणसांवर, त्यांच्या पाटलावर आणि विष्णुपंतावर, भरवसाही ठेवला. तो भरवसा आम्हांला जड जातो. पण गावाच्या मानासाठी मरणारा गावाच्या बैठकीत कुठे बसतो, हा सवाल ‘फकिरा’ वाचून उठतो तेवढा ग्रामीण म्हणवणाऱ्या कितीतरी कथांतून उठत नाही.

बाबासाहेबांनी हा सवाल फार आधी विधिमंडळात नेला होता. 6 ऑक्टोबर 1932 रोजी, पुणे कराराला पुरते दोन आठवडेही झाले नव्हते तेव्हा, मुंबई कायदेमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना त्यांनी अस्पृश्यांना पंचायतीत खात्रीचे प्रतिनिधित्व मागितले. जातींनी चिरफाळलेल्या गावात नुसते मत पुरत नाही, हा त्यांचा मुद्दा होता. 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत त्यांनी खेड्याला घटनेचा पाया मानायचे नाकारले आणि व्यक्तीला एकक मानले. खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना ते भाषण अजून पचलेले नाही. बाबासाहेबांचे बालपण साताऱ्यात गेले, शाळेत नाव तेथेच दाखल झाले. गाव म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

त्यांची मागणी कायद्याने टप्प्याटप्प्याने मान्य केली. 1958 साली ग्रामपंचायतींचा कायदा झाला, आणि त्याच वर्षी कनिष्ठ गावकामगार वतने नष्ट करणाराही. म्हणजे एका हाताने तराळकी सुटली आणि दुसऱ्या हाताने पंचायत आली. देवराष्ट्र्याचे यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या. 73 वी घटनादुरुस्ती 1993 मध्ये लागू झाली आणि राखीव जागांना घटनेचा आधार मिळाला. हे सारे मोलाचे आहे, त्याला नावे ठेवणाऱ्यांच्या पंक्तीला आम्ही बसणार नाही. पण राखीव जागेवरचा सदस्य खुर्चीवर बसतो आणि विषयपत्रिका दुसऱ्याच्या वाड्यावर ठरते. बिनविरोध निवडणुकीचे तर पेढे वाटतात. विरोध नव्हता की विरोध करायची सोय नव्हती, हे कोणी विचारत नाही. ग्रामसभेला गणपूर्ती नसली की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मागासवर्गीयांसाठी उत्पन्नाच्या 15 टक्के खर्चाचा हिशेब अशाच सभेत वाचला जातो. किंवा वाचला गेला, असे लिहिले जाते.

बेडग हे मिरज तालुक्यातले गाव. तेथे बाबासाहेबांच्या नावाची स्वागत कमान उभी राहत होती. जून 2023 मध्ये ती पाडली गेली. ग्रामपंचायतीचे म्हणणे, बांधकाम बेकायदेशीर होते. आंबेडकरी समाजाचे म्हणणे, परवानगी ग्रामपंचायतीनेच दिली होती. जुलैमध्ये कुटुंबेच्या कुटुंबे गाव सोडून मुंबईच्या दिशेने पायी निघाली. ज्या सभागृहात आपला शब्द नोंदवला जाईल असा विश्वास उरला नाही, त्याला पाठ दाखवून ही माणसे मंत्रालयाकडे चालू लागली. ‘गावाने ठरवले’ या वाक्याला याहून ठळक उत्तर कोणत्या कादंबरीत आहे?

तरीही या मातीत दुसरी एक रीत घडली आहे आणि तिची नोंद घेतली पाहिजे. 1943 ते 1946 या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने गावोगाव न्यायदान मंडळे चालवली, सावकारांना आणि गुंडांना धाक बसवला, अस्पृश्यतेविरुद्धही भूमिका घेतली. त्यांच्या नेतृत्वात शेतकरी जातींचेच वर्चस्व होते, हेही खरे. पण त्यांच्या वारशाला पुढे वेगळे फळ आले. खानापूर तालुक्यात, येरळा नदीवर, तांदुळवाडी आणि बलवडीच्या लोकांनी ऐंशीच्या दशकात मुक्ती संघर्ष चळवळीतून बळीराजा स्मृती धरण उभारायला घेतले. नदीतली वाळू ठेकेदार नेत होते. ती विकण्याचा हक्क लोकांनी लढून मिळवला आणि त्यातून धरणाला पैसा उभा केला. मग पाण्याचा प्रश्न आला. ज्याची जमीन जास्त त्याला पाणी जास्त, हा सर्वत्रचा शिरस्ता. इथे ठरले की पाणी कुटुंबागणिक सारखे, आणि भूमिहीनालाही त्याचा वाटा. ज्याच्याकडे वावर नाही त्याने आपल्या वाट्याच्या पाण्यावर दुसऱ्याची जमीन वाट्याने करावी. त्या बैठकीत भूमिहीन माणूस श्रोता म्हणून बसलेला नव्हता, पाण्याचा धनी म्हणून बसला होता.