सजलेला तक्ता, गळालेले अंक

नांदेड आणि लातूरकडील काही शिक्षकमित्रांनी एक्सेलचा एक मॅक्रो आमच्याकडे पाहण्यासाठी दिला. विद्यार्थ्यांची यादी एका कळीसरशी नीटनेटकी करणे हे त्याचे काम. रेघा ठसठशीत येतात, छपाई सुबक निघते. नमुन्याच्या यादीवर तो चालवून पाहिल्यावर मात्र आमचे मत प्रतिकूल झाले.

सरल प्रणालीतील विद्यार्थ्याचा क्रमांक १९ अंकी असतो. पहिले चार अंक वर्षाचे, पुढचे ११ शाळेच्या यूडायस क्रमांकाचे (नांदेड जिल्ह्यात तो २७१५ ने सुरू होतो, लातुरात २७२८ ने) आणि शेवटचे चार त्या मुलाचे स्वतःचे. एक्सेल कोणत्याही संख्येचे पहिले १५ अंकच सांभाळते, पुढे शून्ये भरते. चार अधिक अकरा किती, हे वाचकांना सांगायला नको! शाळा शाबूत राहते, मूल तेवढे गळते.

एरवी एक्सेल असा क्रमांक दहाच्या घातात दाखवते. ते विचित्र रूप पाहून शिक्षक निदान दचकतो तरी. हा मॅक्रो त्याच संख्येला पूर्णांकाचे रूप देतो, १९ अंक सरळ दिसू लागतात, शिक्षक निश्चिंत होतो. शेवटची चार शून्ये कोण वाचतो? शिवाय एक्सेल आपणहून संख्या उजवीकडे आणि मजकूर डावीकडे ठेवते. त्यावरून चूक कळली असती. मॅक्रो सगळेच मधोमध आणतो. चुकीची खूणही पुसली.

दोष क्रमाचा आहे. सजावट संख्येचे रूप बदलते, मूल्य नाही. मॅक्रोने रकान्याला आधी ‘टेक्स्ट’ हे स्वरूप द्यावे, मग त्यात क्रमांक उतरवावेत. उलट केल्यास गेलेले अंक परत येत नाहीत. मूळ यादीकडेच जावे लागते. मॅक्रो चालल्यावर मागे घेण्याची सोयही उरत नाही, म्हणून मूळ फाइलची प्रत वेगळी ठेवावी.

जन्मतारखांचे दुखणे निराळे. स्वल्पविरामांनी तोडलेली फाइल मॅक्रोतून उघडली, की तारखा अमेरिकी रीतीने, म्हणजे महिना आधी धरून वाचल्या जातात. आपल्याकडे गुरुजींच्या कृपेने १ जूनला जन्मलेल्यांची वाण नाही. ते सारे ६ जानेवारीला जन्मतात! तेरा तारखेपासून पुढचे मात्र असे उलटत नाहीत, कारण तेरावा महिना नसतो. त्यामुळे वरवर पाहता यादी ठीक वाटते. उघडण्याच्या आज्ञेत ‘लोकल’ हा पर्याय ‘ट्रू’ केला आणि संगणकाची तारीखपद्धत भारतीय असली, की हे टळते.

असे फसणारे आपण एकटे नाही. ‘सेप्ट१’ या जनुकाच्या नावाची एक्सेल १ सप्टेंबर करीत असे. अखेर २०२० मध्ये नामकरण समितीने असली नावेच बदलली. आमच्या मित्रांना मुलांचे क्रमांक बदलता येणार नाहीत, मॅक्रोच्या चार ओळी बदलता येतील. दुरुस्त प्रत आम्ही त्यांना परत केली आहे. मधोमध आणणारी ओळ तेवढी काढून टाकली, तिच्याबद्दल एकाने नाराजी कळवली आहे.