हात हवा, बाई नको

खेड्यात नवी डॉक्टरीणबाई येते. गाव नाके मुरडते. मग एखाद्या रात्री पाटलांची सून अडते, डॉक्टरीणबाई तिला सुखरूप सोडवते आणि सकाळी सारे गाव नारळ घेऊन तिच्या दारात उभे राहते. ही गोष्ट आपण सर्वांनी कितीदा तरी वाचली आहे. आम्हां कादंबरीवाल्यांना ती फार सोयीची. तिच्यात बाई भली ठरते, शेवटी गावही भले ठरते आणि वाचक समाधानाने फराळाच्या ताटाकडे वळतो. पण एक प्रश्न आम्ही सहसा विचारीत नाही. सून सुटली, बाळ रडले, आणि तरीही गावाचे मन पालटले नाही, तर?

हा प्रश्न विचारणारा एक इंग्रजी चित्रपट आहे. त्याचे नाव 'सेव्हन विमेन', म्हणजे सात बायका. मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीचा हा चित्रपट १९६६ साली प्रदर्शित झाला. दिग्दर्शक जॉन फोर्ड. घोडेस्वार, लष्करी छावण्या आणि अबोल पुरुष यांच्या गोष्टी सांगण्यात ज्याची हयात गेली, उत्कृष्ट दिग्दर्शनाचे ऑस्कर ज्याला चार वेळा मिळाले, त्या माणसाचा हा शेवटचा कथापट. आणि तो बायकांचा! नोरा लॉफ्ट्स या लेखिकेच्या कथेवर तो आधारलेला आहे. त्या वेळी तो चालला नाही. मला मात्र तो आपल्या घराघरांत पाहावा आणि त्यावर वाद घालावा, असा वाटतो.

कथा १९३५ सालची. उत्तर चीनमध्ये मंगोलियाच्या सीमेजवळ अमेरिकन बायकांचे एक ख्रिस्ती मिशन आहे. भोवती भिंत, आत शाळा आणि प्रार्थना. मिस अँड्र्यूज ही तेथील प्रमुख. तिच्या शब्दाबाहेर कोणी जात नाही. या मिशनने डॉक्टर मागवला आहे आणि येते ती डॉ. कार्टराइट : खेचरावर बसून, विजार घातलेली, केस कापलेले, तोंडात सिगारेट. जेवणाआधीच्या प्रार्थनेसाठी ती थांबत नाही. अमेरिकेत तिने गरीब वस्त्यांतल्या इस्पितळांत कष्ट उपसले. मोठ्या जागा पुरुषांना मिळत गेल्या. एका विवाहित पुरुषावर मन जडले, तेही फुकट गेले. ॲन बॅन्क्रॉफ्टने ही भूमिका अशी केली आहे की बाईचा थकवा तिच्या चालण्यातही दिसतो.

पहिल्याच जेवणाला मिस अँड्र्यूजचा निकाल लागून जातो : ही बाई येथे शोभणार नाही. पण तिला घालवताही येत नाही. मिशनमधील मास्तरांची बायको उतारवयात प्रथमच गरोदर आहे. पुढे दुसऱ्या मिशनमधून पळून आलेल्या लोकांबरोबर पटकी येते. डॉक्टरीण रात्रंदिवस राबते. मिस अँड्र्यूजची लाडकी, कोवळी एमा तिच्या हातून मरणाच्या दारातून परत येते. आता आपल्या नेहमीच्या गोष्टीप्रमाणे नारळ यायला हवा. तो येत नाही! उलट मिस अँड्र्यूजचा राग वाढतो. खाटेशी जो हात हवा असतो, तोच जेवणाच्या टेबलाशी विटाळाचा वाटतो.

असे का व्हावे? या चित्रपटाचे मोठेपण मला येथे दिसते. मिस अँड्र्यूज अडाणी नाही. ती शिकलेली, कष्टाळू, आपल्या समजुतीप्रमाणे प्रामाणिक बाई आहे. आयुष्यभर तिने मन मारले आणि त्या मन मारण्यालाच चांगुलपणा म्हटले. आता समोर एक बाई आली आहे, जी यातले काहीच पाळत नाही आणि तरीही माणसे वाचवते. ती चांगली असेल, तर आपण इतकी वर्षे कशासाठी जळलो? डॉक्टरीण एकेक जीव वाचवते तसतसा हा प्रश्न मिस अँड्र्यूजच्या अंगावर येतो. मार्गारेट लेटन ही नटी हे सारे नुसत्या आवळलेल्या ओठांनी दाखवते. खेड्यातला पूर्वग्रह अज्ञानातून येतो, शाळा काढली की तो जाईल, असे आम्ही शिक्षक मंडळी मोठ्या विश्वासाने म्हणतो. हा चित्रपट पाहिल्यावर ते वाक्य घशाशी अडते.

पुढे टुंगा खान नावाचा दरोडेखोर मिशन लुटतो. बायकांना एका कोठारात कोंडतात. तेथेच मास्तरांच्या बायकोला, आता विधवा झालेल्या फ्लोरीला, कळा सुरू होतात. डॉक्टरीण आपली औषधांची पेटी मागते. खान जी किंमत सांगतो ती ती मोजते. पुढे बाकीच्यांचा जीव वाचवण्यासाठीही तीच किंमत मोजते. तिने मिळवलेले अन्न पोटात जात असतानाच मिस अँड्र्यूज तिला पापीण म्हणत राहते. पण आता दुसऱ्या बायकांना ते ऐकवत नाही. इतकी वर्षे मान खाली घालून हुकूम झेलणारी मिस अर्जेंट पहिल्यांदाच तिच्यावर उलटते.

मला वाटते, चित्रपटाला जे सांगायचे आहे ते या उलटण्यात आहे. मिस अँड्र्यूज बदलत नाही. बदलतात त्या तिच्याभोवतीच्या गप्प बायका. कोणत्याही शाळेतील शिक्षकांच्या खोलीत पाहा. एकजण एखाद्या बाईविषयी वाकडे बोलतो आणि दहाजण वह्या तपासू लागतात. त्या एकाचे मतपरिवर्तन करण्यात सेवाभावी माणसाने आपले आयुष्य घालवू नये. त्या दहांपैकी एकाने वहीतून मान वर केली, तरी पुष्कळ झाले.

इतके कौतुक केल्यावर दोषही सांगायला हवेत. पहिला दोष मोठा आहे. एका बाईवरचा अन्याय इतक्या बारकाईने पाहणारा हा चित्रपट भोवतालच्या चीनकडे मात्र मिस अँड्र्यूजच्याच डोळ्यांनी पाहतो. दरोडेखोर म्हणजे गुरगुरणारी जनावरे. टुंगा खान झाला आहे माइक मझुर्की हा गोरा पहिलवान. मिस लिंग नावाची एक चिनी बाई या संकटात आहे, पण गोऱ्या बायका मोजल्या की सात भरतात. ती आठवी नावातही मावली नाही. प्रत्यक्षात शी मेइयू आणि कांग चेंग या दोन चिनी तरुणी १८९६ सालीच अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातून डॉक्टर होऊन परतल्या होत्या आणि चीनमध्ये त्यांनी स्त्रियांसाठी दवाखाने चालवले. कथेतील काळाच्या चाळीस वर्षे आधीची ही गोष्ट! अर्थात आपणही फार हसू नये. सोलापूरच्या डॉ. कोटणिसांवरील शांतारामबापूंच्या १९४६ च्या चित्रपटात चिनी नायिका जयश्रीबाईच झाल्या होत्या. आणखी एक : चीनला गेलेल्या आपल्या त्या डॉक्टरने जेवताना सिगारेट ओढली की नाही, हे कोणी विचारले नाही. तो पुरुष होता.

दुसरा दोष शेवटाचा. सगळ्या बायका सुटून गाडीतून निघून जातात. डॉक्टरीण मागे राहते, खानाला विष देते आणि उरलेले स्वतः पिते. प्रसंग जबरदस्त आहे. अंगावर काटा येतो. पण अशी बाई कथेत अखेर मरावीच का लागते? मेल्यावर तिला क्षमा करणे सोपे जाते, म्हणून? ही सवय आपल्याकडेही आहे. प्रत्यक्षातल्या डॉक्टरिणी निराळ्या होत्या. लहानपणी लावलेले लग्न नाकारून कोर्टात उभ्या राहिलेल्या रखमाबाईंवर काय कमी चिखल उडाला? त्या १८९४ साली लंडनहून डॉक्टर झाल्या, सुरत आणि राजकोट येथे त्यांनी तीस वर्षांहून अधिक काळ बायकांची सेवा केली आणि १९५५ साली नव्वदी गाठून गेल्या. लोकांची मने पालटली की नाही, याची वाट न पाहता त्या रोज सकाळी इस्पितळात जात राहिल्या. हे 'रोज सकाळी' पडद्यावर आणणे फार कठीण. कादंबरीत आणणे त्याहूनही कठीण.

तरीही हा चित्रपट मुलीबाळींसह पाहावा. फार लहान मुलांना मात्र दूर ठेवावे. पाहून झाल्यावर घरातल्यांना एवढेच विचारावे, की त्या कोठारात आपण असतो तर मिस अर्जेंटच्या आधी बोललो असतो, की नंतर?