दुसऱ्या खोलीतून ऐकू येणारं गाणं

टीव्हीवरचं गाणं म्हणजे पाहायचं गाणं, असं आपण सहज म्हणून जातो. अशोक पत्कींनी टीव्हीसाठी केलेल्या चाली मला मात्र कायम दुसऱ्या खोलीतल्या माणसासाठी बांधलेल्या वाटत आल्या आहेत. पोळ्या लाटणारी बाई, अंगणात सायकल पुसणारा माणूस, वहीत मान घालून बसलेलं पोर, या सगळ्यांना हातातलं काम टाकून टीव्हीपुढे आणायचं, तेही अर्ध्या मिनिटात, हे त्या चालीचं काम. 'राधा ही बावरी'वर आपण भरभरून बोलतो. शीर्षकगीतं आणि जिंगल्स यांच्याकडे मात्र पोटापाण्याचं काम म्हणून पाहिलं जातं. माझा जीव या दुसऱ्या कामावर जडला आहे, आणि त्यातही सगळ्यांत जास्त 'मिले सुर मेरा तुम्हारा'वर.

१५ ऑगस्ट १९८८ला, लाल किल्ल्यावरचं पंतप्रधानांचं भाषण झाल्यावर, दूरदर्शनने ते पहिल्यांदा दाखवलं. शब्द पीयूष पांडे यांचे, चाल पत्कींची, वाद्यमेळाच्या बांधणीत लुई बँक्स. सहा मिनिटांच्या आसपासचं गाणं, चौदा भाषा, राग भैरवी. या रागाच्या निवडीपाशीच मी दर वेळी थांबतो. भैरवीने आपण मैफल संपवतो. इथे तिने सुरुवात होते. आणि भैरवी मोठी मोकळ्या मनाची. रे, ग, ध, नि कोमल हे तिचं मूळ रूप, पण ठुमरीत, भजनात, नाट्यपदात गवयी बाराही स्वर तिच्यात फिरवून आणतो आणि ती मोडत नाही. ज्या गाण्यात प्रत्येक प्रांताने आपापली हरकत घेऊन यायचं आहे, त्याला असाच राग हवा होता.

सुरुवातीला धबधब्याकाठी भीमसेन जोशी. अण्णांचा तो खर्जाकडून उठणारा आवाज मागच्या गल्लीपर्यंत ऐकू जायचा. पुढे पत्कींनी जे केलं ते वरवर पाहता फार सोपं आहे. चालीचा मुखडा तोच ठेवला आणि प्रत्येक भाषेत तिचा ठेका आणि चालण्याची ढब बदलली. काश्मिरी ओळ शिकाऱ्याबरोबर पाण्यावर तरंगते. बालमुरलीकृष्णांची तमिळ ओळ कर्नाटकी गमकं घेत येते. शेजारी कमल हासन उभा असतो, पण कान त्याच्याकडे जातच नाही. बंगाली ओळ कोलकात्याच्या मेट्रोत, मल्याळी ओळ हत्तीवर बसलेल्या माहुताच्या तोंडी. भाषा बदलताना कुठे सांधा जाणवत नाही, कारण मुखड्याच्या स्वरांचा आवाका बेताचाच ठेवलेला आहे. शास्त्रीय गायकाला त्यात गाता येतं आणि चौथीतल्या मुलालाही. एका चालीकडून या दोन्ही गोष्टी साधून घेणं किती अवघड आहे, हे पेटी घेऊन बसलेल्या कुणालाही विचारावं.

हे गाणं देशाने एकतेचा संदेश म्हणून ऐकलं असेल. आम्हाला देवळाली कॅम्पात ते आमच्या गल्लीचं गाणं वाटलं. आमचं बैठं घर हौसन रोडच्या मागच्या अंगाला. स्कूल ऑफ आर्टिलरीमुळे देशाच्या कानाकोपऱ्यातली फौजी कुटुंबं कॅम्पात यायची, दोन-तीन वर्षं राहायची, बदली झाली की ट्रंका बांधून जायची. रेंजवर फायरिंग सुरू झालं की खिडक्यांची तावदानं हलायची आणि नवी आलेली बाळं दचकून रडायची. जुन्यांना सवय झालेली असायची. लाम रोडवर पारशांची आणि गुजरात्यांची आरोग्यभवनं. आणि फाळणीनंतर इथल्या निर्वासित छावणीत आलेले, मग इथेच दुकानं थाटून स्थायिक झालेले सिंधी. एका सुभेदाराच्या तमिळ मुलाने मला बालमुरलींची ओळ शिकवली, मी त्याला मराठी ओळ शिकवली. दोघांनाही एकमेकांच्या ओळीचा अर्थ माहीत नव्हता, उच्चारावरून मात्र भांडणं व्हायची.

पण या गाण्याचं खरं मोल मला कळलं ते शेजारच्या सिंधी आंटीमुळे. गाण्यातल्या प्रत्येक भाषेला दाखवायला काहीतरी होतं, कुणाला सरोवर, कुणाला किनारा, कुणाला शेत. सिंधीला भारतात स्वतःचं राज्य नाही. तिचा प्रदेश सरहद्दीपलीकडे राहिला. त्या भाषेजवळ उरते फक्त ओळ, आणि तीही जेमतेम काही सेकंदांची. आंटी पापड लाटत असायच्या. सिंधी ओळ यायच्या आधीच्या ओळीला त्यांचं लाटणं थांबायचं. त्या उठून टीव्हीपर्यंत कधीच जायच्या नाहीत, बसल्या जागी ऐकायच्या. एकदा भिंतीवरून आईला म्हणाल्या, "ताई, आमची बोली लागली बघा, दिल्लीवरून!" त्यांनी 'लागली' म्हटलं, जसं आपण रेडिओवर गाणं लागलं म्हणतो. इतर भाषांना मिळालेल्या चालीपेक्षा त्या ओळीची चाल कुठेही उणी नाही, घाईत उरकलेली नाही. संगीतकाराने मोजूनमापून सारखं वाढलं आहे, आणि ज्याच्या ताटात एरवी कमी पडतं त्याला ते बरोबर कळतं.

मराठी ओळ येते तेव्हा पडद्यावर आगगाडीच्या डब्यात तनुजा असते. ओळीत चालत्या गाडीची लय आहे. गाणं संपत आलेलं असताना आपली भाषा यावी याची आम्हा पोरांना चुटपुट लागायची. आता वाटतं, ती जागा चांगली आहे. त्यानंतर लगेच लताबाईंचा आवाज येतो आणि गाणं एकदम उंच जातं.

जिंगलने पत्कींना काय शिकवलं असेल, याचा अंदाज इथे येतो. झंडू बामच्या जाहिरातीची चाल त्यांचीच. अशा कामात प्रस्तावनेला वेळच नसतो, पहिल्याच स्वरात ओळख पटावी लागते. तीच शिस्त त्यांनी 'गोट्या'च्या शीर्षकगीताला लावली. मधुकर आरकडे यांचे शब्द, अरुण इंगळे यांचा आवाज. मुलांच्या मालिकेचं गाणं, पण चालीत बालिश उड्या नाहीत. ते रुजण्याबद्दलचं गाणं आहे आणि चालही हळूहळू वर येते. १९९९मध्ये अल्फा मराठी सुरू झाल्यावर 'आभाळमाया' आली. मंगेश कुळकर्णींचे शब्द, देवकी पंडित यांचा स्वर. त्या मालिकेतले प्रसंग मला आता नीट आठवत नाहीत. सुकन्या कुलकर्णींची सुधा आठवते, बाकी धूसर. पण शीर्षकगीताच्या पहिल्या आलापाला कॅम्पातल्या बायका रस्त्यावरच्या गप्पा अर्ध्यावर टाकून घरात शिरायच्या, हे लख्ख आठवतं. देवकीताईंचा आवाज तिथे सांत्वन करत नाही, फार लाडही करत नाही. थकून घरी आलेल्या बाईशी बरोबरीने बोलतो. म्हणून तो इतक्या घरांत खपला.

'मिले सुर'ची नवी आवृत्ती २०१०च्या प्रजासत्ताकदिनी आली. तीत मोठमोठे कलावंत आहेत, चित्रण देखणं आहे, आणि लांबी पंधरा मिनिटांच्या वर गेली आहे. प्रत्येकाला आपला तुकडा नीट मिळावा म्हणून मुखडा इतक्या वेळ दूर राहतो की तो परत येतो तेव्हा आपण त्याची वाट पाहायचं सोडून दिलेलं असतं. ती पाहायला टीव्हीसमोर बसूनच राहावं लागतं. पापड लाटता लाटता ती ऐकता येत नाही.