शिनोबु हाशिमोतो : एका पटकथाकाराची उमेदवारी

लेखकाच्या जडणघडणीविषयी बोलू लागले की आपल्याकडील टीकाकार प्रतिभेचा आश्रय घेतो आणि चरित्रकार चिकाटीचा. प्रतिभा एकदा गृहीत धरली की पुढे विचार करण्याचे कारणच उरत नाही. आणि चिकाटीची कथा सांगावयाची तर ती किराणा दुकानाच्या खतावणीसारखी होते. इतकी वर्षे झिजला, इतके नकार पचविले, म्हणून अखेर इतके यश पदरात पडले. पटकथाकारांच्या संबंधात ही दुसरी कथा विशेष लोकप्रिय आहे. या व्यवसायात लिहिलेल्या कागदांपैकी फार थोडे पडद्यापर्यंत पोहोचतात, आणि उरलेल्यांचे दुःख सुसह्य व्हावे म्हणून अशा कथांची गरजही असते. परंतु चिकाटीने माणूस लिहीत राहतो, एवढेच तिच्याविषयी खात्रीने म्हणता येईल. तो चांगले कसे लिहू लागतो, हा प्रश्न तिथेच राहतो.

या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे तर शिनोबु हाशिमोतो (१९१८-२०१८) या जपानी पटकथाकाराचे उदाहरण मोठे उद्बोधक आहे. 'राशोमोन', 'इकिरु', 'सात सामुराई' या चित्रपटांच्या श्रेयनामावलीत अकिरा कुरोसावांच्या नावाशेजारी त्यांचे नाव आहे. २००६ साली, वयाच्या अठ्ठ्याऐंशीच्या सुमारास, त्यांनी आपल्या आठवणींचा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि २०१५ साली तो इंग्रजीत आला. ग्रंथाच्या जपानी नावात कीटकाच्या संयुक्त नेत्राचा उल्लेख आहे. अनेक डोळ्यांनी मिळून एकच दृश्य पाहणे, हा त्यातील अर्थ. हे नाव शोभेसाठी दिलेले नाही, हे ग्रंथ वाचून होईपर्यंत पुरते पटते.

आरंभ मात्र अगदी योगायोगाचा. १९३८ साली सैन्यात दाखल झालेला हा तरुण क्षयाने आजारी पडला आणि ओकायामा प्रांतातील सैनिकांच्या आरोग्यधामात त्याची चार वर्षे गेली. शेजारच्या खाटेवरील रुग्णाने वेळ घालविण्यासाठी त्याला चित्रपटविषयक एक मासिक दिले. त्यात एक पटकथा छापलेली होती. ती वाचून याला वाटले, एवढेच असेल तर आपणही लिहू शकू. आणि देशातला सर्वांत मोठा पटकथाकार कोण, असे त्याने विचारले. उत्तर मिळाले, मान्साकु इतामी. आपली पटकथा त्यांनाच पाठवावयाची, असे त्याने तत्क्षणी ठरविले. नवशिक्याच्या अंगी असते तेवढी सारी घमेंड या प्रसंगात आहे. पण आरोग्यधामातील जीवनावरची ती पहिली पटकथा लिहून व्हावयास त्याला सुमारे तीन वर्षे लागली, आणि या तीन वर्षांत त्या घमेंडीचे काय झाले असेल ते सांगावयास नको.

इतामी हे दिग्दर्शक आणि पटकथालेखक. 'मुहोमात्सु' या रिक्षावाल्याच्या जीवनावरील १९४३ च्या चित्रपटाची पटकथा त्यांचीच. तेही क्षयाने अंथरुणास खिळलेले होते. एका क्षयरोग्याने दुसऱ्यास पाठविलेल्या या कागदांना उत्तर आले, तेही दोषदिग्दर्शनासह. येथून हाशिमोतोंची खरी उमेदवारी सुरू झाली. मराठीत 'उमेदवारी' हा शब्द आता निवडणुकीपुरता उरल्यासारखा झाला आहे. एकेकाळी तो पेढीवर वा छापखान्यात बिनपगारी काम शिकणाऱ्या पोराविषयी वापरीत. हाशिमोतो एका कारखान्यात हिशेबनीसाची नोकरी करीत होते. रेल्वेच्या जाण्यायेण्यात ते लिहीत, आणि लिहिलेले इतामींकडे पाठवीत किंवा घेऊन जात. त्यातील एकाही पटकथेवर चित्रपट निघाला नाही. १९४६ च्या सप्टेंबरात इतामी निवर्तले. शिष्याचे नाव पडद्यावर झळकलेले त्यांनी पाहिले नाही.

गुरुशिष्यांच्या या नात्यातील एक संवाद हाशिमोतोंनी नोंदविला आहे. दुसऱ्याच्या कथेवरून पटकथा करताना तू मूळ कृतीकडे कसा पाहतोस, असे इतामींनी विचारले. शिष्याने उत्तर दिले ते एका दृष्टान्ताने. कुंपणात एक गाय आहे. ऊन असो, पाऊस असो, मी रोज जाऊन तिला निरनिराळ्या बाजूंनी न्याहाळतो. तिचे मर्मस्थान सापडले की आत शिरून एका घावात तिला मारतो आणि तिचे रक्त तेवढे घेऊन घरी येतो. मला रक्ताशी कर्तव्य, आकाराशी नाही. आपल्या वाचकास हा दृष्टान्त रुचणार नाही, आणि प्रस्तुत लेखकासही तो लिहिताना अवघड वाटले. तथापि रूपांतराच्या प्रश्नाचा इतका नेमका विचार आपल्या रूपांतरकारांनी क्वचितच केला असेल. कादंबरीतील प्रसंगांची क्रमवार यादी करून तिला पटकथा म्हणण्याची जी रूढी आहे, तिला यात पुरते उत्तर मिळते. इतामींचे प्रत्युत्तर मात्र अधिक खोल होते. असे मारणे असेल. पण कधी कधी त्या कथेवर प्रेम करून तिच्यासह मरावेही लागते, अशा आशयाचे ते होते. शिष्याला शस्त्र आधीच सापडले होते. गुरूने त्याला ते केव्हा खाली ठेवावे हे सांगितले.

र्‍यूनोसुके आकुतागावांच्या 'वेळूच्या बनात' या १९२२ मधील कथेवरून हाशिमोतोंनी केलेली पटकथा इतामींच्या मृत्यूनंतर मध्यस्थामार्फत कुरोसावांच्या हाती पडली. एकाच खुनाच्या परस्परविरोधी साक्षी, एवढाच तिचा ऐवज होता. कुरोसावांना ती पसंत पडली. पण पूर्ण चित्रपटास अपुरी वाटली. तेव्हा हाशिमोतोंनी एकदम सुचविले की 'राशोमोन' ही आकुतागावांची १९१५ मधील दुसरी कथा तीत घालावी. सुचविले खरे, पण साधेना. त्यांनी केलेले पुनर्लेखन फसले, प्रकृती ढासळली, आणि अखेरची संहिता कुरोसावांनी सिद्ध केली. १९५० च्या या चित्रपटास १९५१ साली व्हेनिसमध्ये सर्वोच्च पारितोषिक मिळाले. सामान्य चरित्रकार येथे यशाची पताका उभारून थांबला असता. वस्तुतः हाशिमोतोंच्या दृष्टीने ही घटना अर्ध्या अपयशाची होती, आणि त्यांनी ती तशीच सांगितली आहे. पडक्या वेशीखाली पावसात अडकलेली माणसे, लाकूडतोड्याची साक्ष, हा सारा साज दुसऱ्याच्या हातचा. सांगाडा आपला आणि श्वास दुसऱ्याचा, हे कबूल करण्याचे मोठेपण लेखकांत विरळा असते.

ग्रंथातील सर्वांत सरस भाग १९५४ च्या 'सात सामुराई'च्या पूर्वतयारीचा आहे. कुरोसावांना प्रथम एका सामुराईच्या आयुष्यातील एका दिवसाची कथा हवी होती. सकाळी उठल्यापासून सायंकाळी, एखाद्या प्रमादापायी आत्महत्या करीपर्यंत. हाशिमोतोंनी ग्रंथालयांत बसून त्या काळाच्या चालीरीतींचा शोध चालविला. सारे जमत आले आणि एका क्षुल्लक गोष्टीपाशी घोडे अडले: त्या काळी सामुराई दुपारी जेवीत का? दिवसातून दोन वेळा जेवण्याची रीत केव्हा संपली, कामावर जाताना शिदोरी नेत की कसे, याचा पक्का पुरावा मिळेना. दोन स्नेही दुपारचे जेवण घेत बोलतात या प्रसंगावर पुढचे सगळे उभे होते. महिनोन्‌महिने केलेले काम त्यांनी सोडून दिले, आणि कुरोसावांचा रोष पत्करला. नंतर प्रसिद्ध खड्गवीरांच्या चरित्रांवरून दुसरी पटकथा लिहिली गेली. तिच्यात प्रत्येक वीराच्या आयुष्यातील परमोच्च क्षण ओळीने मांडले होते, आणि नुसत्या परमोच्च क्षणांची माळ करून नाट्य उभे राहत नाही, हे लिहून झाल्यावर लक्षात आले. तीही बाद झाली.

मग गप्पांच्या ओघात प्रश्न निघाला की विद्या मिळवीत देशभर हिंडणारे निर्धन सामुराई खात काय असतील? शोध घेता उत्तर मिळाले: आखाड्यांत, देवळांत त्यांना जेवण मिळे, आणि अंदाधुंदीच्या काळात गावकऱ्यांसाठी रात्री पहारा केला तर शेतकरीही भात घालीत. शेतकरी सामुराईस पोटावारी ठेवतात! चित्रपट तेथे जन्मला. हाशिमोतोंनी ही हकीकत सरळ सांगितली आहे. तिच्यातील एक दुवा मात्र येथे नोंदविणे अगत्याचे वाटते. पहिली पटकथा मेली ती सामुराईच्या जेवणाच्या प्रश्नावर, आणि तिसरी जन्मली तीही सामुराईच्या जेवणाच्याच प्रश्नातून. चित्रपटातही पांढऱ्या भाताच्या वाडग्याला केवढे महत्त्व आहे, हे तो पाहणाऱ्यास सांगावयास नको. टाकलेले काम वाया जात नाही असे सांत्वन आपण एकमेकांचे करतो. ते बहुधा खोटे असते. येथे ते खरे ठरले, कारण काम टाकताना त्यातील अडचण टाकली गेली नव्हती.

या काळातील लेखनपद्धतीही पाहण्यासारखी आहे. अतामीसारख्या ठिकाणच्या एखाद्या खाणावळीत तिघे राहावयाचे. कुरोसावा आणि हाशिमोतो एकच प्रसंग स्वतंत्रपणे लिहीत. हिदेओ ओगुनी हे वयाने वडील, ते सहसा स्वतः लिहीत नसत, वाचून निवाडा देत. 'इकिरु' (१९५२) या चित्रपटात मरणाच्या दारी उभा असलेला कारकून मध्येच मरतो आणि उरलेली कथा त्याच्या सुतकात बसलेली माणसे सांगतात. ही रचना ओगुनींच्या एका आक्षेपातून आली. तोवर लिहिलेली पाने बाजूला पडली. आपल्या गायनपरंपरेत शागीर्द चुकला की उस्ताद तंबोऱ्यावरचा हात थांबवितो, तसे काहीसे हे होते. फरक इतकाच की येथे उस्तादालाही थांबविणारा कोणी होता.

पुढे कुरोसावांनी ही पद्धत सोडली. आधी एकाने मसुदा करावयाचा आणि मग सर्वांनी तो पारखावयाचा, ही रीत जाऊन सर्वांनी एकदम अखेरचीच संहिता लिहावयाची, असे सुरू झाले; आणि कुरोसावांचे चित्रपट त्यामुळे उतरणीस लागले, असा हाशिमोतोंचा आरोप आहे. तो जसाच्या तसा मान्य करणे कठीण आहे. शेक्सपिअरच्या 'मॅक्बेथ'वरून केलेला १९५७ चा चित्रपट, ज्याच्या लेखनात ते स्वतः होते, या सिद्धान्तात कसा बसवावयाचा? वृद्ध कारागिराला आपल्या तारुण्यातील हत्यारेच उत्तम वाटतात. तरी आरोपातील तथ्यांश डावलता येत नाही. ज्या कागदास कोणी 'नाही' म्हणणार नाही तो कागद सैल होतो.

याचे अनुकूल आणि प्रतिकूल असे दोन्ही पुरावे खुद्द हाशिमोतोंच्या उत्तरायुष्यात आहेत. सेइचो मात्सुमोतोंच्या एका रहस्यकादंबरीची पटकथा त्यांनी योजी यामादांच्या साहाय्याने १९६० च्या सुमारास केली. महारोगाने पछाडलेला बाप आणि त्याचा लहान मुलगा गाव सोडून भटकत राहतात, याचा मूळ कादंबरीत ओझरता उल्लेख आहे. ते कसे हिंडले हे त्या दोघांनाच ठाऊक, एवढ्यावर कादंबरीकार थांबतो. हाशिमोतोंना तेच मर्मस्थान वाटले. पोलिसांपुढील निवेदन, वाद्यवृंदाचे वादन आणि बापलेकांची मूक पायपीट यांची एकत्र गुंफण करून त्यांनी उत्तरार्ध उभा केला. निर्मात्यांनी ती संहिता वर्षानुवर्षे बासनात ठेवली. अखेर स्वतःची निर्मितीसंस्था काढून १९७४ साली त्यांनी तो चित्रपट पडद्यावर आणला, आणि जपानी प्रेक्षकांनी तो डोक्यावर घेतला. गायीच्या दृष्टान्ताचे इतके निर्मळ उदाहरण त्यांच्या लेखनात दुसरे नाही. आणि इतामींनी सांगितलेले प्रेमही येथे आहे.

उलट १९८२ चा 'मायासरोवर'. कथा त्यांची, पटकथा त्यांची, दिग्दर्शन त्यांचे, निर्मितीही त्यांच्याच संस्थेची. आपल्या कुत्र्याला मारणाऱ्याचा धावत पाठलाग करणारी एक स्त्री, शतकांपूर्वीची एक कहाणी आणि शेवटी अंतराळयान, असे सगळे त्यात आले. चित्रपट साफ कोसळला आणि थोड्याच दिवसांत चित्रगृहांतून उतरला. जिद्द येथे कमी नव्हती. 'राशोमोन'च्या काळापेक्षा काकणभर अधिकच असेल. परंतु इतामी नव्हते, ओगुनी नव्हते, कुरोसावा नव्हते. गाय कुंपणात होती, आणि कुंपणाबाहेर उभे राहून तिच्याकडे पाहणारा दुसरा डोळा नव्हता.

आपल्याकडे ग. दि. माडगूळकरांनी पटकथालेखनाची अशीच उमेदवारी कोल्हापुरात केली. १९३८ च्या 'ब्रह्मचारी'त एका किरकोळ भूमिकेने त्यांचा चित्रसृष्टीत प्रवेश झाला, आणि १९५७ च्या 'दो आँखें बारह हाथ'पर्यंत ते कथालेखक म्हणून पोहोचले. त्यांच्या गीतांचा अभ्यास पुष्कळ झाला, पटकथांचा त्या मानाने फारच थोडा. पटकथा ही साहित्याच्या पंक्तीत बसवावी की नाही हा वाद आपण घालीत राहतो. मात्र ती कशी लिहिली गेली, तिची कोणती पाने कोणी काढून टाकली, हे सांगणारे कागद जपून ठेवण्याची तसदी घेत नाही. हाशिमोतोंच्या ग्रंथाची खरी मौज त्या बाद झालेल्या पानांच्या हकीकतीत आहे. न झालेल्या त्या एकदिवसीय सामुराईची पटकथा आज कोणी वाचू शकत नाही. पण ती का झाली नाही, हे मात्र आपल्याला प्रसंगासह ठाऊक आहे.